विजयदुर्गावरचा साहेब आणि दोन ग्रहणं

विजयदुर्गाच्या तटबंदीच्या आत काही ओटे आहेत. गावात कुणी त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतं, कुणी ‘साहेबाचे कट्टे’. किल्ला बघायला आलेल्या पाहुण्यांना हमखास तिकडे नेलं जातं आणि एक गोष्ट सांगितली जाते. १८ ऑगस्ट १८६८ या दिवशी नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने याच ओट्यांवर दुर्बिणी मांडल्या, खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि सूर्यात हेलियम शोधून काढला. दरवर्षी १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो. मुलं येतात, भाषणं होतात, वर्तमानपत्रांत फोटो छापून येतात.

गोष्ट निम्मी खरी आहे. साहेब खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरं. चुकलंय ते साल, आणि तेही थोडंथोडकं नाही, तब्बल साडेएकोणतीस वर्षांनी.

१८६८ चं ग्रहण खरोखरच विजयदुर्गावरून गेलं होतं. चंद्राची सावली अरबी समुद्रावरून कोकणच्या किनाऱ्याला लागली, घाट चढून विजापूर-जमखंडीकडे गेली आणि गुंटूर, मछलीपट्टणमवरून बंगालच्या उपसागरात उतरली. पण तारीख बघा. ऑगस्ट महिना, श्रावणातली अमावास्या, म्हणजे पोळ्याचे दिवस. कोकणात त्या दिवसांत सूर्य बघायला बसणारा माणूस एक तर परका असावा, नाही तर फारच आशावादी. जाणत्या मंडळींनी म्हणून किनारा सोडून आतला मुलूख आणि पूर्वेचा किनारा धरला. फ्रान्सचा जूल जान्सेन आणि इंग्रजांचा मेजर टेनंट गुंटूरला गेले. मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणमला गेला. आणि रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला येऊन बसला. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचं संस्थान. मराठी मुलखाचा त्या ग्रहणाशी सगळ्यात जवळचा संबंध शोधायचा तर तो तिथे आहे. हर्शेलचा जीव तिथेही ढगांनी मेटाकुटीला आणला. पण फटीफटीतून त्याला सूर्याच्या कडेवरचं तेजशृंग, म्हणजे कडेबाहेर उसळलेला तेजस्वी वायू, दिसलं आणि प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणाऱ्या वर्णपटदर्शकात तीन चमकत्या रेघा दिसल्या: तांबडी, नारिंगी आणि निळी.

लॉकियर त्या दिवशी कुठे होता? इंग्लंडात. तो तेव्हा युद्धखात्यात कारकून होता. खगोलशास्त्र हा त्याचा कचेरी सुटल्यानंतरचा नाद. सूर्याच्या कडेवरची तेजशृंगं ग्रहणाची वाट न बघता एरवीही वर्णपटदर्शकातून दिसली पाहिजेत, असं त्याने मनाशी धरलं होतं. त्यासाठी मागवलेलं चांगल्या प्रतीचं उपकरण मात्र कारागिराकडे रखडलं होतं. ते ऑक्टोबरात हाती आलं आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनच्या आपल्या घरच्या दुर्बिणीला ते जोडून त्याने भर उजेडात तेजशृंगाच्या रेघा पाहिल्या. तिकडे जान्सेनला हीच युक्ती ग्रहणाच्या वेळीच सुचली होती आणि दुसऱ्या दिवशी गुंटूरला त्याने ती करूनही पाहिली होती. दोघांचीही पत्रं पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच दिवशी वाचली गेली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक पाडलं. शास्त्रातल्या अग्रक्रमाच्या भांडणांचा इतिहास पाहिला तर इतका समजूतदार निकाल विरळाच.

आता हेलियमचं. ग्रहणात दिसलेल्या रेघांतली पिवळी-नारिंगी रेघ बहुतेकांनी सोडियमची मानली, कारण सोडियमच्या ‘डी’ या जोडरेघा तिथेच जवळपास असतात. ती नेमकी त्या जागी बसत नाही, अशी शंका पॉगसनच्या नोंदीत दिसते. लॉकियरने घरबसल्या, सावकाश मोजमाप करून ती रेघ वेगळी काढली, तिला ‘डी-३’ म्हटलं, आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंडबरोबर प्रयोग करून ती हायड्रोजनच्या माथी मारता येत नाही हेही पाहिलं. मग हे पृथ्वीवर न सापडलेलं मूलद्रव्य असलं पाहिजे, असा तर्क पुढे आला आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले. पुष्कळांनी त्याची टर उडवली. १८९५ मध्ये विल्यम रॅमसेला युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेघ दिसली, तेव्हा कुठे टर थांबली. म्हणजे १८ ऑगस्ट १८६८ या एका दिवशी, एका ओट्यावर, एका माणसाला हेलियम सापडला असं काही घडलं नाही. एका रेघेचा उलगडा व्हायला सत्तावीस वर्षं लागली आणि त्याला गुंटूर, जमखंडी, मछलीपट्टणम, लंडन असे अनेक पत्ते आहेत.

मग साहेब विजयदुर्गावर आला कधी?

लॉकियर हा ग्रहणांमागे धावणारा माणूस होता आणि नशीब त्याला सारखं हुलकावण्या देई. १८७० साली सिसिलीला जाताना त्याचं जहाजच खडकावर आपटलं. जीव आणि सामान वाचवून तो कातानियाला पोचला, तर ढगांनी त्याला दीड सेकंद किरीट दाखवला. किरीट म्हणजे खग्रास स्थितीत काळ्या बिंबाभोवती पसरणारं मोतिया तेज. एरवी सूर्याच्या झगझगाटात ते दिसत नाही. १८७१ च्या डिसेंबरात तो पहिल्यांदा हिंदुस्थानात आला, तो मलबार किनाऱ्यावरच्या बेकल किल्ल्यात. तिथे आकाश स्वच्छ होतं, पण ऐन ग्रहणात खालच्या लोकांनी सूर्याच्या सुटकेसाठी गवत पेटवलं आणि धूर दुर्बिणींच्या दिशेने येऊ लागला. पोलिसांनी धावत जाऊन जाळ विझवला. या प्रसंगाचं चित्र विलायतेत बरंच गाजलं. पश्चिम किनारा, समुद्रात घुसलेला किल्ला, दुर्बिणी, लॉकियर साहेब: विजयदुर्गाच्या गोष्टीतलं सगळं नेपथ्य बेकलला १८७१ मध्येच तयार होतं.

१८९६ मध्ये नॉर्वेच्या उत्तर टोकाला, वाडसो इथे त्याने आरमारी जहाजावरच्या खलाशांना हाताशी धरून मोठी तयारी केली आणि पुन्हा ढग आडवे आले. त्यानंतरचं खग्रास ग्रहण होतं शनिवारी, २२ जानेवारी १८९८ ला. पौषातली अमावास्या. कोकणात याहून स्वच्छ आकाश मागूनही मिळायचं नाही. आणि सावली यावेळीही किनाऱ्याला लागत होती ती विजयदुर्गापाशीच.

एखाद्या ठिकाणी खग्रास सूर्यग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा येतं. विजयदुर्गाच्या वाट्याला तीस वर्षांच्या आत दोन आली. घोळ इथेच झाला असावा. हेलियम म्हटलं की १८६८, विजयदुर्ग म्हटलं की लॉकियर, आणि हेलियम म्हटलं की पुन्हा लॉकियर. तीन धाग्यांची गाठ पडली, आणि त्यातून १८९८ हे साल निसटून गेलं. लोकांच्या आठवणीने माणूस अगदी बरोबर धरून ठेवला. त्याला साल चिकटवलं ते पुस्तकी माहितीने, असं मला वाटतं. सालाचा असा सोस इतरत्रही दिसतो. सातपुड्यात मोलगीजवळच्या काठी गावाची राजवाडी होळी १२४६ सालापासून चालत आल्याचं दरवर्षी सांगितलं जातं. परंपरा डोळ्यांसमोर ढोल वाजवत उभी असते. पण सालाचा आकडा सांगितल्याशिवाय ऐकणाऱ्याचं समाधान होत नाही.

१८९८ मध्ये लॉकियर बासष्टीला टेकलेला होता. ‘सर’ झाला होता, साउथ केन्सिंग्टनच्या सौर वेधशाळेचा प्रमुख होता, आणि १८६९ मध्ये स्वतः काढलेलं ‘नेचर’ हे साप्ताहिक अजून चालवत होता. मदतीला आल्फ्रेड फाउलर होता, आणि एच. एम. एस. मेल्पोमीन ही लढाऊ क्रूझर त्याच्या दिमतीला होती. ज्या किल्ल्यापुढे १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांची गलबतं तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळायला उभी राहिली होती, त्याच्याच लगतच्या वाघोटणच्या खाडीपाशी आता इंग्रजी आरमार खोकी उतरवत होतं, आणि खोक्यांत भिंगं होती.

मुख्य हत्यार होतं प्रिझम-कॅमेरा. त्याची गंमत समजून घेण्यासारखी आहे. नेहमीच्या वर्णपटदर्शकात प्रकाश बारीक फटीतून आत घेतात, म्हणून वर्णपटात रेघा दिसतात. रेघ म्हणजे खरं तर त्या फटीची प्रतिमा. इथे फटच काढून टाकायची आणि भिंगापुढे नुसता भला मोठा लोलक लावायचा. खग्रास होताना सूर्याची जी नखाएवढी कोर उरते, तीच फटीचं काम करते. फोटोच्या काचेवर मग रेघांऐवजी कोरी उमटतात, ओळीने: एक हायड्रोजनची, एक कॅल्शियमची, एक हेलियमची. ज्या मूलद्रव्याचा वायू सूर्याच्या कडेपासून जास्त उंच पोचलेला, त्याची कोर जास्त लांब. म्हणजे सूर्याच्या वातावरणात कोणता वायू किती उंचीपर्यंत आहे, हे एका फोटोत कळायचं. त्यातल्या हेलियमची ओळख पृथ्वीवर पटून जेमतेम तीन वर्षं झाली होती. ज्याने त्याला सूर्यात पाहिलं, तोच माणूस विजयदुर्गाच्या तटावरून त्याची कोर काचेवर उतरवत होता. ही गोष्ट खोट्या सालाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी रंगतदार आहे, आणि तरीही सांगितली जाते ती दुसरीच.

खग्रास स्थिती होती अवघी दोन मिनिटांच्या आसपास. एवढ्या वेळात काचा बदलायच्या, वेळ पुकारायची, किरीटाची चित्रं काढायची, दिसतील ते तारे टिपायचे. हे सगळं खलाशांकडून आधी घोकून घेतलं होतं, तोफखान्याची कवायत करून घ्यावी तसं. असल्या अवजड कॅमेऱ्यांना पक्की बैठक लागते. जरा हादरा बसला की काच वाया. किल्ल्यातले ओटे खरोखर ‘साहेबाचे’ असतील तर ते या दोन मिनिटांसाठी आहेत. दुसरा साहेबच नाही, आणि या साहेबाची दुसरी भेटही नाही.

त्या दिवशी नुसतं विजयदुर्गच नव्हे, अर्धा महाराष्ट्र वेधशाळा झाला होता. किनाऱ्यावरून सावली ईशान्येला वळत करमाळ्याकडे, पुढे वऱ्हाड-नागपूरकडे गेली. सोलापूरच्या वाटेवरचं जेऊर हे रेल्वेचं लहानसं स्टेशन. तिथे कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचा विल्यम कॅम्बेल पत्नीसह येऊन उतरला होता आणि त्याने चाळीस फूट लांबीचा कॅमेरा उभारला होता. जपानी तुकडीही तिथेच होती. पुलगावला न्यूऑल, नागपूरजवळ स्कॉटलंडचे राजज्योतिषी कोपलंड. वऱ्हाडात तळणीला हौशी मंडळींची तुकडी. त्यात अ‍ॅनी माँडर या बाईंनी स्वतः योजलेल्या छोट्या कॅमेऱ्याने किरीटाचा एक लांबच लांब झोत टिपला. तोवर एवढा लांब झोत कुणाच्याच फोटोत आला नव्हता. बक्सरला तर मॅस्केलाइन नावाच्या लंडनच्या जादूगाराने ग्रहणाचं चलच्चित्र घेतलं. परतीच्या वाटेवर त्याची फिल्म चोरीला गेली. आणि ही सगळी वर्दळ चालू असताना मुंबई-पुण्यात प्लेग होता. पुण्यात प्लेग कमिशनर रँडच्या वधाला सात महिनेच झाले होते.

सावलीच्या पट्ट्याबाहेर, तेव्हाच्या खानदेश जिल्ह्यात, मोलगी-अक्राणीच्या डोंगरांतही दुपारी सूर्याची कोर झाली असणार. तिथे कुणी दुर्बीण नेली नाही. पण त्याच खानदेशात, धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये, काही वर्षं शिकवून गेलेला एक मास्तर या गोष्टीत हवाच: शंकर बाळकृष्ण दीक्षित. मूळचे दापोलीजवळच्या मुरूडचे. रात्रीचं आकाश मराठी वाचकाला सोप्या भाषेत ओळखीचं करून देणारं ‘ज्योतिर्विलास’ त्यांनी लिहिलं आणि १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा अजोड ग्रंथ. कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, या शतपथ ब्राह्मणातल्या उल्लेखावरून, कृत्तिका नेमक्या पूर्वेला केव्हा उगवत असतील याचं गणित मांडून त्यांनी त्या मजकुराचा काळ काढला. आकाशाला साक्षीला बोलावून जुन्या गोष्टीचं वय ठरवायचं, ही ती रीत. एप्रिल १८९८ मध्ये, ग्रहणानंतर तीन महिन्यांतच, पंचेचाळिशी गाठण्याआधी ते वारले.

लॉकियरने विलायतेत हाच उद्योग दगडांवर चालवला होता. १८९० मध्ये ग्रीसची सहल करताना जुन्या देवळांच्या दिशा पाहून त्याच्या डोक्यात आलं, की देवळं सूर्याच्या किंवा एखाद्या ताऱ्याच्या उदयाकडे तोंड करून बांधली असतील, तर तारे सरकण्याच्या गणितावरून देवळांचं वय सांगता येईल. मग इजिप्तमधलं कर्नाक झालं. १९०१ मध्ये अध्यापनातून निवृत्त झाल्यावर तर त्याने स्टोनहेंजच धरलं. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सकाळी सूर्य जिथे उगवतो ती दिशा आणि दगडांच्या मांडणीचा अक्ष यांतला बारीकसा फरक मोजून त्याने स्टोनहेंजचं साल जाहीर केलं: इसवी सनपूर्व १६८०, दोनशे वर्षं अलीकडे-पलीकडे. पुरातत्त्ववाल्यांनी नाकं मुरडली. त्याची पुष्कळशी गृहीतकं आज कुणी मानत नाही. तो पुराव्याच्या फार पुढे पळे, हा आक्षेप खराच आहे. पण प्राचीन वास्तूंकडे आकाशाच्या अंगाने बघायची शिस्त ज्यांनी घालून दिली त्यांत त्याचं नाव पहिल्या फळीत येतं. दगडांची सालं लावत फिरणाऱ्या या माणसाच्या नावाने विजयदुर्गाच्या दगडांना भलतंच साल लागावं, याला काय म्हणावं?

जुन्या वस्तू राखण्याचीही त्याला आस होती. १८७६ मध्ये साउथ केन्सिंग्टनला शास्त्रीय उपकरणांचं जे प्रचंड प्रदर्शन भरलं, त्याच्या मांडणीत तो होता, आणि लंडनला शास्त्राचं स्वतंत्र संग्रहालय हवं म्हणून त्याने वर्षानुवर्षं लेखणी झिजवली. मजूर वर्गासाठी व्याख्यानं दिली, शाळकरी मुलांसाठी खगोलाची क्रमिक पुस्तकं लिहिली, आणि मधल्या वेळात गोल्फच्या नियमांवर एक पुस्तकही. उतारवयात त्याची सौर वेधशाळा सरकारने केंब्रिजला हलवायचं ठरवलं तेव्हा तो भडकला आणि डेव्हनमध्ये, सिडमथजवळच्या टेकडीवर १९१२ मध्ये स्वतःची वेधशाळा काढून बसला. १९२० मध्ये तो गेला. ती वेधशाळा आता त्याच्या नावाने हौशी मंडळी चालवतात, आणि हेलियमची रेघ जिच्यातून पाहिली ती सव्वासहा इंची कूक दुर्बीण तिथे आहे.

पुण्याची कहाणी नेमकी उलटी. कावसजी दादाभाई नायगमवाला हे कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींनी पाच हजार रुपये दिले, तेवढीच भर मुंबई सरकारने घातली, आणि त्यातून १८८८ मध्ये कॉलेजच्या आवारात वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रबने बनवलेली तिची वीस इंची परावर्तक दुर्बीण तेव्हा हिंदुस्थानातली सर्वांत मोठी होती. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा वर्णपट नायगमवालांनी पुण्यातून तपासला. त्यातली मुख्य रेघ मॅग्नेशियमची असल्याचं लॉकियर ठासून सांगत होता. नायगमवालांना ती रेघ दर वेळी बारीक आणि टोकदार दिसली, म्हणजे लॉकियरच्या म्हणण्याच्या विरुद्ध. त्यांनी ते १८९१ मध्ये सरळ लंडनच्या नियतकालिकात छापलं. १८९८ च्या ग्रहणाला ते जेऊरला गेले आणि त्यावर त्यांनी सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि सरकारने वेधशाळाच मोडीत काढली. दुर्बीण आणि बाकीची उपकरणं खोक्यांत भरून कोडाईकनालला रवाना झाली. तिथला संचालक होता जॉन एव्हरशेड, जो १८९८ मध्ये हौशी म्हणून पहिल्यांदा या देशात आला होता, वऱ्हाडातल्या तळणीला. पुण्याची दुर्बीण निदान ओळखीच्या हातात पडली, एवढंच समाधान. त्याच वर्षी लॉकियर डेव्हनच्या टेकडीवर पाया खणत होता. नायगमवालांना पुण्यात तशी टेकडी मिळाली नाही. ते पुढे १९३८ पर्यंत होते.

विजयदुर्गावरचा हेलियम दिन बंद करायचं काहीच कारण नाही. १८६८ ची सावली किल्ल्यावरून गेली होती, त्या निमित्ताने देवगड तालुक्यातली पोरं वर्णपट म्हणजे काय ते शिकत असतील तर चांगलंच आहे. पण फलकावर २२ जानेवारी १८९८ ही तारीख यायला हवी, मेल्पोमीनच्या खलाशांचा उल्लेख हवा, आणि गुंटूर-जमखंडीचं ऋण तिथे मान्य व्हायला हवं. जेऊरच्या स्टेशनात आणि पुण्यात जुन्या कॉलेजच्या आवारात नायगमवालांच्या नावाचा एखादा दगड बसवायला फार खर्च येणार नाही. आणि शाळांना खरोखरच दुर्बिणीतून सूर्य दाखवायचा असेल, योग्य ती गाळणी लावून, तर जानेवारीची तारीखच सोयीची. १८ ऑगस्टला विजयदुर्गावर बहुधा छत्र्याच उघडाव्या लागतात.